रक्ताचा कर्करोग : डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला



सोयाबीनचे बियाणे घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. उगवण किती, पाणी किती लागेल, किती दिवसांत काढणीला येईल. पण इस्पितळात गेलो की हात जोडून एवढेच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसे." यात आदर आहे, तो असावाच. परंतु रक्ताच्या कर्करोगासारख्या लांबणाऱ्या दुखण्यात एवढ्याने भागत नाही. रोग डॉक्टरांना कळतो. आपले घर, शेत, पैसा आणि मनातली भीती फक्त आपल्याला ठाऊक असते. दोन्ही गोष्टी समोर आल्या तरच निर्णय नीट होतो.

प्रथम रोग समजून घेऊ. रक्त हाडांच्या आतील मगजात तयार होते. तेथे बिघडलेल्या पांढऱ्या पेशी पिकात तण माजावे तशा वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. थकवा येतो, ताप हटत नाही, अंगावर निळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते. याचे मुख्य प्रकार दोन. तीव्र प्रकार थोड्या आठवड्यांत बळावतो. तेथे "पेरणी उरकून येतो" म्हणणे जिवावर बेतते. दुसरा सावकाश वाढणारा. त्यात बहुधा विचार करायला सवड मिळते. काही रोग्यांना तर कित्येक वर्षे औषधाविना नुसत्या तपासणीवर ठेवतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : आमचा प्रकार कोणता, आणि हाती वेळ किती?

सावकाश वाढणाऱ्या एका प्रकारावर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत २००१ साली तिला मान्यता मिळाली. ज्यांना ती लागू पडते ते पुष्कळ वर्षे कामधंदा करीत जगतात. आपल्या देशात ती स्वस्त राहावी म्हणून मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रोग्यांसाठी झटणारी संस्था न्यायालयात लढली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. रोग्यांच्या बाजूने कोणी बोलले, म्हणून हे घडले.

पण गोळी स्वस्त झाली तरी ती रोज घ्यावी लागते. लंडनच्या डॉक्टरांनी बाटलीच्या झाकणात यंत्र बसवून गोळ्या मोजल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दहांपैकी एकाहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्यांना पुरेसा गुण क्वचितच आला. काढणीच्या गडबडीत गोळी राहते, मळमळते म्हणून टाळली जाते, पैसे नसले की एक दिवसाआड घेतली जाते. डॉक्टर रागावतील म्हणून आपण ते लपवतो. मग औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टर दुसरे, महाग औषध लिहून देतात. खरे सांगितले तर मळमळीवर उपाय निघतो, पैशाची वाट शोधता येते. गावठी मुळ्या, काढे घेत असाल तर तेही सांगावे. काहींचा गोळीशी मेळ बसत नाही.

काही निर्णय तर रोग्यावाचून होऊच शकत नाहीत. दीर्घकाळ रोग अगदी तळाला राहिला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहता येते. फ्रान्समधील २०१० सालच्या अभ्यासात दहांपैकी सुमारे चौघांचा रोग वर्षभरात परतला नाही. बाकीच्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली. परंतु थांबवल्यावर प्रथम दर महिन्याला रक्ततपासणी हवी. भैरवगडाहून दर महिन्याला मोठ्या शहरात जाणे जमेल का, हे डॉक्टर कसे सांगणार? तसेच मूल हवे असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण ही गोळी गर्भाला अपाय करू शकते.

मुलांमध्ये तीव्र प्रकार अधिक आढळतो. त्याचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो, आणि पुष्कळदा तो अर्ध्यावर सुटतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशभरातून लोक तेथे येतात. पण मुलाला घेऊन आईने राहायचे कोठे? याच अडचणीवर २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड संस्थेने अशा कुटुंबांसाठी निवासकेंद्रे सुरू केली. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पात्र कुटुंबाला आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. "परवडत नाही" हे शब्द लाजेचे नाहीत. ते पहिल्याच भेटीत उच्चारले तर इस्पितळातील समाजसेवक मार्ग दाखवतात.

शेताविषयीही विचारावे. उपचारात पांढऱ्या पेशी उतरल्या की कुबट भुसा, शेणखत व धान्याची धूळ यांतून छातीत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. गोठ्यात केव्हा जावे, मळणीला केव्हा उभे राहावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

समजून घेऊन संमती देणे हा आपला हक्कही आहे. उपचार कोणता, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, उपचार न केल्यास काय होईल, हे संमतीपूर्वी रोग्याला सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले आहे.

म्हणून जाताना घरचे एक माणूस बरोबर न्या. प्रश्न वहीत लिहून न्या. निघण्यापूर्वी, जे समजले ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगून पाहा. चुकले असेल तर ते दुरुस्त करतील. आणि घरच्यांनी रोग्यापासून रोग लपवू नये. ज्याचे शरीर, त्यालाच अंधारात ठेवून कोणते प्रेम साधते?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय प्रभूला हाका मारीत होता. त्याला काय हवे ते प्रभूला दिसत नव्हते काय? तरीही त्याने आधी विचारले, तुझी इच्छा काय आहे? आणि बार्तिमयाने ती स्पष्ट सांगितली. डॉक्टर विचारतील तेव्हा आपणही सांगावे. त्यांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे.