माळ्यावरची खार आणि अडीच महिन्यांची मुदत

खामगाव-मलकापूरच्या जुन्या पेठांतील लाकडी माळ्यांवर खारींना आयते घर मिळते. कापसाच्या या मुलखात जुन्या गादीतील कापूस व सुतळीचे धागे ओढून त्या घरटे करतात. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी ती सतत कुरतडते. विजेच्या तारेचे आवरण निघाले की आगीचा धोका संभवतो. म्हणून तिला घालविणे आवश्यकच. प्रश्न आहे तो केव्हा, हा.

घाईने फट बुजविल्यास आई बाहेर राहते आणि डोळेही न उघडलेली पिले आत उपाशी मरतात. विष न घालताही घडलेली ही हिंसाच होय. पिले स्वतंत्र होण्यास सुमारे दोन-अडीच महिने लागतात. तोवर माळ्यावरील वीजपुरवठा बंद ठेवावा. पुढे फटीत कागदाचा बोळा सैल बसवावा; दोन-तीन दिवस तो हलला नाही, तर माळा रिकामा समजावा. मगच बारीक लोखंडी जाळी ठोकावी आणि छपराला टेकलेली कडुनिंबाची फांदी छाटावी. खार दिवसा बाहेर हिंडते, म्हणून हे काम भर दुपारी करावे.

मुदत पुरी होईपर्यंत थांबणे व्यापारी कुटुंबांना नवीन नाही.