दुर्गम पाड्यावरचा शिक्षक का थांबतो?

डोंगराळ भागातील शाळेला इमारत मिळते, फळा व पुस्तकेही मिळतात. परंतु शिक्षक टिकला नाही, तर या साधनांचा उपयोग मर्यादितच राहतो. म्हणूनच शिक्षक दुर्गम गावी कसा जातो, यापेक्षा तो तेथे का राहतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक शिक्षक तेथे नेमणुकीच्या किंवा बदलीच्या आदेशानेच जातात. राज्याच्या २०१७ च्या बदली धोरणात जिल्हा परिषद शाळांची ‘अवघड’ व ‘सर्वसाधारण’ क्षेत्रे ठरविण्यात आली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा करणाऱ्यास बदली मागण्याचा अधिकार देण्यात आला. गैरसोयीचा भार सर्वांनी वाटून घ्यावा, या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच होय. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. वारली मुलाची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून निराळी असते; गोंडी व कोरकू या तर मराठीच्या भाषाकुळाबाहेरच्या भाषा. शिक्षकाला ही बोली उमगू लागते, पालकांचा विश्वास जडतो आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच्या बदलीची वेळ येते. नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो.

कोसबाडचा धडा

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी तेथे दाखल झाल्या. पाड्यावरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया व पाने वापरात आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले, तरी अनुताई १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत त्याच परिसरात कार्यरत राहिल्या.

केवळ त्यागवृत्तीने या दीर्घ वास्तव्याचा उलगडा होत नाही. तेथे सोबतीला समविचारी सहकारी होते, नवे प्रयोग करण्याची मोकळीक होती आणि कामाचे फळ मुलांच्या रूपाने समोर दिसत होते.

गावाची जबाबदारी

असे वातावरण निर्माण करणे ग्रामपंचायतीच्या व अधिकाऱ्यांच्या हाती आहे. राहण्यास योग्य खोली, पाण्याची सोय, शिक्षिकेच्या सुरक्षिततेची हमी आणि आजारपणात मदतीला धावणारा शेजार यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. या समितीने शिक्षकाच्या अडचणी वेळीच जाणून घ्याव्यात. अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी केवळ नोंदवह्या न तपासता वर्गातील प्रयोगांची दखल घ्यावी. स्वेच्छेने राहू इच्छिणाऱ्यास प्रोत्साहन द्यावे.

शिक्षकाला गावी पाठविण्याचे काम शासनाचा आदेश करू शकतो. त्याला आपलेसे करून घेण्याचे काम मात्र गावालाच करावे लागते.