फटीतून काढलेली दुचाकी किती सुरक्षित?

मुंबईत लालबागला सिग्नल लाल झाला की बेस्टची बस, टॅक्सी आणि टेम्पो यांच्या मधल्या फटींतून दुचाक्या सरकत पुढे येतात आणि झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबतात. सी लिंक, कोस्टल रोड, पूर्व मुक्त मार्ग दुचाकीला बंद. जे. जे. उड्डाणपूलही २०१०पासून बंद. दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराला मग आंबेडकर मार्गासारखे जुने, भरलेले रस्तेच उरतात. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये प्रभादेवीचा पूल पाडकामासाठी बंद झाला आणि दादरच्या टिळक पुलावर, करी रोडच्या पुलावर ताण वाढला. फटीतून गाडी काढण्यामागची ही अडचण खरी आहे. तिच्या आधाराने पक्के झालेले समज मात्र तपासायला हवेत.

पहिला समज: पोलीस अडवत नाहीत, म्हणजे चालतं. आपल्या कायद्यात दोन रांगांच्या मधून जाण्याला वेगळी परवानगी नाही. २०१७च्या वाहनचालन नियमांनुसार लेनची शिस्त पाळायची आणि ओव्हरटेक साधारणपणे उजवीकडूनच करायचा. धोकादायक रीतीने गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागू होऊ शकतं.

दुसरा समज कॅलिफोर्नियाच्या नावाने सांगितला जातो: तिथे हे कायदेशीर आहे, अभ्यासानेही सुरक्षित ठरवलंय. यातलं अर्धंच खरं. तिथला कायदा २०१७पासून लागू आहे. त्याआधी, २०१५मध्ये, बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघातात सापडलेल्या सुमारे ६,००० दुचाकीस्वारांची माहिती तपासली. त्यांतले ९९७ जण अपघाताच्या वेळी रांगांच्या मधून जात होते. त्यांच्यात डोक्याला मार बसलेले सुमारे ९ टक्के होते, इतरांत सुमारे १७ टक्के. मागून धडक बसण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. पण हेच स्वार पुढच्या गाडीवर जाऊन आदळण्याचं प्रमाण ३८ टक्के होतं, इतरांत १६ टक्के. शिवाय हा अभ्यास अपघात झालेल्यांचाच. फटीतून गेल्याने अपघाताची शक्यता वाढते की घटते, हे त्यातून ठरत नाही. अभ्यासातली वेगाची अटही महत्त्वाची: वाहतूक ताशी ८० किलोमीटरच्या आत असावी आणि दुचाकीचा वेग तिच्यापेक्षा ताशी २४ किलोमीटरहून जास्त नसावा. तेवढ्या फरकानेही दुचाकी दर सेकंदाला शेजारच्या गाड्यांपेक्षा जवळजवळ सात मीटर पुढे जाते. टॅक्सीचं दार उघडायला तेवढा सेकंद पुरतो.

आणि कॅलिफोर्नियाचा तो रस्ता आपला नव्हे. परळला केईएम रुग्णालयाकडे निघालेले नातेवाईक थांबलेल्या गाड्यांमधूनच रस्ता ओलांडतात. दादरला हातगाडी आडवी येते. गिरगावात ठाकूरद्वारच्या आसपास दुसऱ्या लेनपुरतीही जागा मोकळी सापडत नाही.

सर्वांत घातक समज असा की बसच्या डावीकडून जाणं सोपं. बसचं दार डावीकडेच उघडतं, उतरणारा प्रवासी थेट दुचाकीसमोर येतो. बस डावीकडे वळत असेल तर मागच्या चाकांचा मार्ग पुढच्या चाकांपेक्षा आत, फुटपाथकडे सरकतो. तिथली दुचाकी ड्रायव्हरला आरशात दिसेलच असं नाही आणि बंद काचांच्या एसी बसमध्ये हॉर्नवरही विसंबता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०१४मध्ये फटीतून जायला परवानगी दिली तीही ताशी ३० किलोमीटरच्या आत आणि फुटपाथलगतची बाजू वगळून.

फटीतून जाणं प्रत्येक वेळी सारखंच धोकादायक, हा उलट टोकाचा समजही चूक आहे. वाहतूक पूर्ण थांबलेली असताना चालण्याच्या वेगाने सरकणं आणि धावत्या ट्रक-बसमधून कट मारणं, यांतला धोका सारखा नाही. पण २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. हे आणि वरचे धोके पाहता निकाल स्पष्ट आहे: आपल्या रस्त्यांवर चालत्या वाहनांच्या मधून जाणं असुरक्षित आहे. म्हणून स्वारांनी बस आणि डंपरची डावी बाजू कायमची सोडावी, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्यावं. टॅक्सीतून उतरणाऱ्यांनी दार उघडण्याआधी एकदा मागे वळून पाहावं.