रोग गेला, भीती राहिली

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. गावच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या खडकात एक अरुंद आणि खोल चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या लाटा या घळीत शिरल्या की पाणी मोठ्या आवाजासह उंच उसळते. नवखा माणूस दचकतो. गावकऱ्यांना मात्र भरतीची वेळ ठाऊक असते. कोठे उभे राहावे व केव्हा मागे सरावे, हेही ते जाणतात. धोका दोघांनाही सारखाच. परंतु माहिती असलेल्याच्या ठायी भीतीची जागा सावधगिरी घेते.

मूलपेशींच्या रोपणानंतर रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या माणसांच्या मनातील भीतीचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा. उपचार संपून दहा-पंधरा वर्षे लोटली, शेतीभाती व संसार पूर्ववत सुरू झाला, तरी ‘तो रोग पुन्हा उलटेल काय?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातून जात नाही.

रोपण म्हणजे काय?

हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तिच्यातील मूलपेशींपासून रक्तातील सर्व पेशी तयार होतात. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाला तीव्र मात्रेची औषधे व आवश्यक तेथे किरणोपचार देतात. त्यानंतर त्याच्या स्वतःच्या आधी काढून ठेवलेल्या अथवा जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे, रक्त चढवावे तशा, शरीरात सोडतात. काही आठवड्यांत त्या मज्जेत रुजतात आणि नवे रक्त तयार होऊ लागते.

अमेरिकेत या उपचाराचा पाया घालणारे डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. भारतातील असे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. पुढे हा विभाग नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्याच ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत नेण्यात आला. रोपणानंतर दीर्घकाळ जगणाऱ्यांचा एक नवा वर्ग आज समाजात आहे, हे या शास्त्राचे यशच होय. त्यांची पुढील काळजी हे मात्र समाजाचेही काम आहे.

भीती कितपत खरी?

ही भीती निराधार नाही, म्हणूनच ‘काळजी करू नका’ एवढ्याने ती जात नाही. रोग उलटण्याचा संभव रोपणानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो व पुढे तो सामान्यतः घटत जातो. दात्याच्या पेशींचे रोपण होऊन दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्या १०,६३२ रुग्णांची आंतरराष्ट्रीय पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत रोपणानंतर दहा वर्षांनी हयात राहण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. अर्थात सर्व रोग सारखे नसतात. मज्जेतील ‘मायलोमा’ या कर्करोगात रोग काही काळाने उलटणे नित्याचे असते व त्यावर पुन्हा उपचार करता येतात. आपल्या रोगाच्या बाबतीत काय संभवते, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे.

तपासणीची तारीख जवळ आली, अंगात कणकण वाटली किंवा सोबत उपचार घेतलेल्या कोणाच्या निधनाची वार्ता कानी आली की भीती उसळते. काहीजण मग दिवसातून अनेकदा मान व काख चाचपून पाहतात. काही याच्या अगदी उलट वागतात. ‘नकोच ते ऐकायला’ म्हणून ते तपासणीलाच जात नाहीत. खरा धोका येथे आहे. हेदवीसारख्या गावातून चिपळूण गाठून पुढे मुंबईला जावयाचे, म्हणजे रोजगार बुडतो व पैसाही खर्च होतो. त्यामुळे न जाण्यास सबबही सहज मिळते. परंतु रोपण झालेल्यांना वार्षिक तपासणी आयुष्यभर आवश्यक असते. रोग उलटण्याखेरीज तोंड, त्वचा, थायरॉइड अशा अन्य अवयवांच्या कर्करोगाचा संभवही त्यांच्यात सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असतो व तो लवकर ओळखल्यास उपचार सुकर होतात. तंबाखू व मिश्री त्यांनी कटाक्षाने वर्ज्य करावी, ती याचसाठी.

काय करता येईल?

कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये, याची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. कारणाविना अंगावर काळेनिळे डाग पडणे, हिरड्यांतून रक्त येणे, गाठ वाढत जाणे, तोंडातील व्रण न भरणे, वजन घटणे ही त्यांतील प्रमुख होत. ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बहुधा तो संसर्गाचा असतो. मात्र रोपण झालेल्या माणसात संसर्ग अंगावर काढणे घातक ठरते. यादी हाताशी असली म्हणजे प्रत्येक अंगदुखीत रोग दिसत नाही.

तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत आहे. ती केवळ उपचारापुरती नसून ठरावीक मुदतीच्या तपासणीसही लागू आहे, ही गोष्ट ग्रामपंचायतीने संबंधितांच्या निदर्शनास आणून द्यावी. भीतीने झोप उडाली किंवा कामात मन लागेनासे झाले, तर समुपदेशनाचा लाभ होतो. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा दवाखाना चालविला जातो.

गावाचा वाटाही लहान नाही. रस्त्यात गाठून ‘परत तर काही नाही ना?’ असे विचारणे प्रेमाचे असले, तरी ते जखमेवरची खपली काढते. ‘त्याचा विचारच करू नकोस’ हा उपदेश माणसाला गप्प बसवितो. त्याऐवजी ‘तपासणीला कधी जायचे आहे? सोबत येऊ का?’ असे विचारावे. बरे झालेल्या मुलास शिक्षकांनी इतरांप्रमाणेच वागवावे. हा रोग संसर्गजन्य नाही, हे वर्गाला सांगावे आणि तपासणीसाठी पडलेले खाडे समजून घ्यावेत. आशा कार्यकर्तीने तपासणीची तारीख आपल्या वहीत टिपून आठवण द्यावी.

भरती येऊच नये, अशी हमी कोणास देता येत नाही. परंतु तिची वेळ ठाऊक असावी व काठावर सोबतीला माणूस असावा, एवढी व्यवस्था गावास निश्चित करता येईल.