घाटरस्त्यांची शांतता आणि सायकलस्वार

घाट म्हणजे केवळ वळणावळणाचा रस्ता नव्हे. सह्याद्रीची भिंत ओलांडून देश आणि कोकण यांना जोडणारी ती वाट असते. सातवाहनकाळापासून या वाटांवरून मालाची ने-आण होत आली आहे. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण नाणेघाटाच्या माथ्यावर आजही उभा आहे. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाची वाहने नेता येतील असा रस्ता खुला झाला, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि अवजड वाहतुकीचा मोठा ओघ अशा मोजक्या रुंद मार्गांवर वळला. मागे राहिले ते भोर, वेल्हे, वाई या भागांतील अरुंद रस्ते. गावची एसटी, दुधाची गाडी, एखादी मोटारसायकल आणि गुरांचा कळप एवढीच तेथील वर्दळ.

शहरातील सायकलस्वारांना हेच रस्ते आता खुणावू लागले आहेत. मात्र तेथे जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या कारणांमुळे हे रस्ते शांत आहेत, त्याच कारणांमुळे तेथे मदतही लवकर पोहोचत नाही. वाहन क्वचित येते, मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते आणि जवळचे रुग्णालय तालुक्याच्या गावी असते. शांतता ही या रस्त्यांची ओढ आहे, तशी जोखीमही आहे.

चढ सोपा का वाटतो?

घाट चढायचा म्हटले की नवख्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात आखणी करून बांधलेला घाटरस्ता बराच दयाळू असतो. जुने घाट बैलगाडीसाठी आखलेले होते, आणि बैलाला न झेपणारा चढ उपयोगाचा नव्हता. आजच्या निकषांनुसारही डोंगराळ भागात साधारणतः २० मीटर अंतरामागे १ मीटर, म्हणजे पाच टक्के चढ योग्य मानला जातो. तीव्र वळणावर तो आणखी थोडा सौम्य ठेवण्याचा प्रघात आहे. वळणावर क्षणभर श्वास घेता येतो, त्याचे कारण हेच. वळणाच्या आतल्या कडेला मात्र चढ सर्वांत उभा असतो. म्हणून डावे वळण घेताना, मागून-पुढून वाहन नसल्याची खात्री करून, कडेपासून थोडे अंतर राखावे.

आकड्यांत सांगायचे तर स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन असेल, तर पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगासाठी सुमारे १२५ ते १३० वॉट शक्ती लागते. थोडा सराव असलेल्या माणसाला ती तासभर टिकवता येते. चढ दहा टक्के झाला की तेवढ्याच शक्तीत वेग निम्म्यावर येतो. म्हणून खरा प्रश्न दमाचा कमी आणि गिअरचा जास्त असतो. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते सारखे असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे दोन मीटर पुढे जाते. बिनगिअरच्या साध्या सायकलीत हेच अंतर पाच मीटरच्या आसपास असते, आणि तेवढा जोर घाटभर लावत राहिल्यास गुडघे बोलू लागतात.

तीन वाटा

पहिली वाट भोरहून वरंधा घाटाकडे जाते. पुण्याहून भोर सुमारे ५० किलोमीटर आहे. मात्र त्यातील महामार्गाचा टप्पाच साऱ्या प्रवासात सर्वाधिक धोक्याचा असल्याने शक्य असल्यास भोरपर्यंत सायकल मोटारीतून न्यावी. पुढे नीरा देवघर धरणाच्या पाण्याला उजवे-डावे सोडत, भातखाचरे आणि वाड्या-वस्त्यांमधून रस्ता चढ-उतार करत घाटमाथ्याकडे सरकतो. माथ्याजवळ कावळ्या किल्ला आणि वाघजाईचे मंदिर आहे, आणि खाली कोकणाची दरी. घाट उतरून गेल्यास शिवथरघळीकडे जाणारा फाटा लागतो. मात्र उतरलेला प्रत्येक मीटर परतताना पुन्हा चढायचा असतो. पहिल्या खेपेला वाघजाईपासूनच मागे फिरणे शहाणपणाचे.

दुसरी वाट पाबे घाटाची. खडकवासल्याहून खानापूरमार्गे हा घाट ओलांडला की वेल्ह्याच्या खोऱ्यात उतरता येते. अंतर फार नाही, पण चढ वरंध्यापेक्षा उभा आहे. माथ्यावरून राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले दिसतात. परतीला मार्गासनी-नसरापूर असा वळसा घेता येतो. तिसरी वाट भोरहून मांढरदेवीच्या डोंगरावरून वाईला उतरणारी. पौष महिन्यात शाकंभरी पौर्णिमेच्या सुमारास काळूबाईची यात्रा भरते. त्या दिवसांत या रस्त्यावर सायकल काढू नये.

ताम्हिणी आणि महाबळेश्वर-पोलादपूर हा आंबेनळी घाट यांची नावेही सायकलस्वारांच्या ओठांवर असतात. पण पावसाळ्यातील शनिवार-रविवारी ताम्हिणी शांत नसतो, आणि आंबेनळीत प्रतापगडापर्यंत पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. तेथे जायचेच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे निघावे.

उताराचा हिशेब

घाटात चढणे कष्टाचे असते, पण धोक्याचे असते ते उतरणे. तेच ८५ किलो वजन ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. दीड लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी ही उष्णता आहे. वेग ठेवल्यास तिचा मोठा भाग हवेच्या विरोधात खर्ची पडतो. ब्रेक सतत दाबून हळू उतरल्यास मात्र जवळपास सारी उष्णता ब्रेकमध्ये साठते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोराने दाबून सोडावेत, वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नये. हात दुखू लागले की थांबावे. घाटात थांबण्यात कमीपणा नाही.

वळणापलीकडे काय आहे, हे दिसत नाही. खडी, शेण, बसलेली म्हैस किंवा रस्ताभर वाळत घातलेले धान्य, काहीही असू शकते. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग हा साधा नियम पाळावा.

पाऊस आणि दरडी

पावसाळ्यात हे घाट हिरवेगार होतात आणि मोह पडतो. परंतु शेवाळलेला डांबरी रस्ता, धुके आणि सुटणारे दगड यांपुढे सायकलस्वाराचे कौशल्य अपुरे पडते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. या भागातील डोंगर किती अस्थिर आहेत, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. वरंधा घाटही दरडी आणि रुंदीकरणाच्या कामांमुळे अलीकडच्या वर्षांत वारंवार बंद ठेवावा लागला आहे. निघण्यापूर्वी रस्ता सुरू आहे का, याची भोर किंवा महाड येथे चौकशी करावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सुरुवातीला सोनकीच्या पिवळ्या फुलांनी माळ भरलेले असतात आणि खाचरांत भात पिकत असतो.

सोबत दोन लिटर पाणी, दोन ट्यूब, पंप, मागचा-पुढचा दिवा आणि प्रथमोपचाराचे साहित्य असावे. शिरस्त्राण अनिवार्य समजावे. एकट्याने जाणे टाळावे, आणि जाताना कोणत्या वाटेने जातो व केव्हा परततो हे घरी सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याला जी शांतता हवीहवीशी वाटते, ती तेथे राहणाऱ्यांनी मागितलेली नाही. कोणाची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, कोणाची मुले कामासाठी पुण्या-मुंबईला गेली, कोठे एसटीच्या फेऱ्या मोजक्याच येतात. त्या साऱ्यांतून हे रस्ते रिकामे राहिले आहेत. उद्या रस्ता रुंद झाला तर सायकलस्वाराला हळहळ वाटेल, पण रात्री आजारी माणसाला भोरला नेणाऱ्या घरासाठी तो दिलासा असेल. हे ध्यानात ठेवून, टपरीवर चहा घेत, चार शब्द बोलत आणि प्लॅस्टिकचा कागदही मागे न ठेवता या वाटांनी जावे. पाहुण्यासारखे गेले, की घाट आणि गाव दोघेही आपले वाटू लागतात.