'ऑस्टिन सेव्हन'मधील सात

संख्यावाचक शब्दाचा अर्थ निश्चित असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु संख्या एखाद्या वस्तूचे नाव झाली म्हणजे तिच्या अर्थाचे काय होते, हे पाहण्यास 'ऑस्टिन सेव्हन' ही इंग्लंडमधील लहान, स्वस्त मोटार उपयोगी पडते. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज ह्या तरुण आरेखकाच्या साहाय्याने आखलेली ही मोटार १९२२ साली लोकांपुढे आली आणि १९३९ पर्यंत तयार होत राहिली.

नावातील सात म्हणजे सात अश्वशक्ती. मात्र ही शक्ती इंजिनाची नव्हे, करआकारणीची. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीस वार्षिक एक पौंड कर बसू लागला. ही अश्वशक्ती यंत्रावर मोजली जात नसे, कागदावर काढली जाई. सिलिंडरच्या आतील व्यासाचा इंचांत वर्ग करावा, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावे व २.५ ने भागावे, इतकाच हिशेब. दट्ट्या किती अंतर वरखाली जातो, याचा त्यात विचारच नाही. साहजिकच इंग्रज कारखानदार सिलिंडर अरुंद व लांब करू लागले. कायद्यातील व्याख्येने यंत्राची घडण बदलावी, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी.

'सेव्हन'च्या ५६ मिलिमीटर व्यासाच्या चार सिलिंडरांना हे सूत्र लावल्यास उत्तर ७.८ येते, प्रत्यक्ष शक्ती दहाच्या आसपास होती. उलट, फोर्डची 'टी' मोटार प्रत्यक्षात सुमारे वीस अश्वशक्तीची, पण तिचा व्यास मोठा असल्याने कागदावर ती २२ च्या वर जाई व मालकास जवळजवळ तिप्पट कर पडे.

हीच मोटार परवान्याने जर्मनीत आयझेनाख येथे 'डिक्सी' ह्या नावाने निघू लागली, तेव्हा तिला '३/१५' म्हणत. (डिक्सी म्हणजे लॅटिनमध्ये 'मी बोललो'!) पहिला आकडा तेथील कराचा, दुसरा प्रत्यक्ष शक्तीचा. इंग्लंडातील सात जर्मनीत तीन झाले, कारण तेथील सूत्र निराळे होते. १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने तो कारखाना घेतल्यावरही '३/१५' हे नाव टिकले. जर्मन नाव मला अधिक प्रामाणिक वाटते; कागद आणि यंत्र यांतील अंतर ते झाकत नाही.

आपल्या 'सातबारा'तील आकडेही महसुली कागदांतूनच आले. परंतु ते नमुन्यांचे क्रमांक आहेत, त्यांनी काहीच मोजलेले नाही. 'सेव्हन'चा सात मोजतो खरा, पण जे मोजल्याचा आभास होतो ते नव्हे.