नाव एक, हाका दोन!

23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पहिला राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. शाळेला सुट्टी मात्र नाही हं!

नेमके त्याच दिवशी उटनूरला आमच्या लेकीच्या मुलीचे बारसे होते. ‘प्रज्ञान’ रोव्हरवरून नाव ठरले प्रज्ञा. धारवाडहून आलेल्या आत्याने बाळाच्या कानात सांगितले, ‘प्रग्न्या’. मी लगेच टोकले, ‘प्रद्न्या म्हणा!’ विहीणबाईंचा चेहरा उतरला. तेलुगू शेजारीणही त्यांच्याच बाजूची!

लेकीने पाटीवर नाव मराठीत आणि कानडीत लिहिले. दोन्हीकडे ज आणि ञ यांचेच जोडाक्षर! चूक कोणाचीच नव्हती. मी विहीणबाईंची माफी मागितली.

आता नात दोन्ही हाकांना ‘ओ’ देते.